फ्रीजच्या दारावरचे हातमोजे

एकतीस वर्षं मी बर्फात हात घालून कॉड चिरला.
पोटापासून गळ्यापर्यंत एक रेघ,
आतडी डाव्या पिंपात, यकृत उजव्या.
डोळे मिटूनही जमे.
त्यामुळे डॉक्टरीणबाई पडद्यावर माझंच आतडं दाखवू लागल्या,
आणि यकृतावरचे पाच ठिपके,
तेव्हा मी आधी विचारलं, हा माल कुठल्या पिंपात?
त्या हसल्या नाहीत. वयाने लहान होत्या.
म्हणाल्या, बरं होणार नाही, पण वेळ मिळवता येईल.
वेळ. जणू तो किलोवर मिळतो.

औषधाचा एक गुण कुणी नीट सांगितला नव्हता:
घेतल्यावर गार काही शिवायचं नाही.
नळाचं पाणी घशातून काचेसारखं उतरतं,
चमचा चावतो, दाराची कडी डसते.
आणि हे ट्रॉम्सोत, नोव्हेंबरात!
दुपारी दोनला दिवे लावून माणसं जिथे बर्फ उपसतात
तिथे मी थंडीशी कट्टी घ्यायची.
जन्मभर जिच्या जिवावर पोट भरलं, तिच्याशी.

आयलिफ खालच्या घरात राहतो.
जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको गेल्यापासून
दिवसाला सहा शब्द वापरतो, त्यातले दोन मांजरासाठी.
त्याला मी काही बोलले नव्हते.
एका सकाळी बघते तर फ्रीजच्या दारावर
लोहचुंबकाच्या आकड्याला लोकरीचे हातमोजे,
आणि दूध, लोणी, जॅम टेबलावर,
केव्हाचे काढून ठेवलेले, खोलीइतके कोमट.
"दार उघडं होतं," म्हणाला.
तेव्हापासून दार उघडंच असतं.

योगमलर मूळची जाफन्याची,
कारखान्यात बावीस वर्षं माझ्या शेजारच्या पट्ट्यावर.
थर्मासमधून मिरी घातलेलं रसम आणते.
पोटावरची पिशवी गळली त्या रात्री
चादर तिनेच धुतली, नाक न मुरडता.
"माशांपेक्षा बरा वास," म्हणाली.
मी रडले. मग दोघी हसलो. मग मी परत रडले.

इस्पितळात माझ्या शेजारच्या खुर्चीत बिर्गर असायचा.
दोन वर्षं मुरलेला.
किती महिने ते विचारू नकोस, म्हणायचा,
पुढच्या दोन आठवड्यांत काय आहे ते विचार.
त्याच्या दोन आठवड्यांत नातीचा दात पडायचा असे,
होडीला रंग असे, नाहीतर लॉटरीचं तिकीट.
मग एका बुधवारी त्या खुर्चीत नुसता धुतलेला अभ्रा.
नर्सने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
कंबरेला पंप बांधून घरी आले.
दोन दिवस तो माझ्या झोपेत घुरघुरत राहिला
आणि मला वाटलं, पुरे.

हेही सांगायला हवं. पुरे वाटतं.
कुणी कितीही दूध कोमट करो.

जानेवारीच्या एकवीसला इथे सूर्य परततो, दोन महिन्यांनी.
लोक जॅम भरलेले सूर्यपाव खातात.
आम्ही तिघं खिडकीशी उभे, मी कानापर्यंत गुंडाळलेली.
ढग. नुसते ढग.
सूर्य येऊन गेलासुद्धा, आमच्या नजरेला न पडता.
"आहे तो. मागे," आयलिफ म्हणाला
आणि त्याने दुसरा पाव उचलला.
त्या दिवशी माझ्या जिभेला चव होती.

परवा बिर्गरच्या खुर्चीत एक पोरगा आला.
तिशीचा असेल. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत.
"तुम्हाला त्यांनी किती..." त्याने सुरुवात केली.
मी म्हटलं, घरचा फ्रीज कोण उघडतं?
तो बघतच राहिला.
पिशवीतून मी हातमोज्यांची जोडी काढली.
एक अंगठा लांब झालाय. विणायला आत्ताच शिकतेय,
बोटं बधिर, टाके सुटतात.
त्याने लांब अंगठ्याचाच आधी घातला.
मग मी विचारलं, पुढच्या दोन आठवड्यांत काय आहे?
"बहिणीचं लग्न," म्हणाला. "नाही, ते जूनमध्ये. थांबा."
आणि आठवू लागला.